क = क++ लिहिलं तरी क वाढत का नाही? प्रिफिक्स-पोस्टफिक्सची नेहमीची दुखणी

तक्रार साधारण तीन प्रकारे येते. "लूप थांबतच नाही. आत प्लस-प्लस लिहिलंय, समोर दिसतंय, तरी आकडा शून्यावरच." किंवा, "माझ्याकडे उत्तर १३ येतं, मित्राकडे १४. कोड तोच आहे, अक्षराचाही फरक नाही." आणि तिसरी, सगळ्यात वाईट: "एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्रॅम चालतो, पण काही होतच नाही." तिन्हीकडे चिन्ह एकच, ++, म्हणजे आकडा एकाने वाढवणारं (व्हेरिएबलच्या आधी लिहिलं, ++क, तर प्रिफिक्स; नंतर लिहिलं, क++, तर पोस्टफिक्स), पण रोग वेगवेगळे. म्हणून उत्तर देण्याआधी मी उलटा प्रश्न विचारतो: भाषा कोणती, आणि सी++ असेल तर आवृत्ती कोणती?

(खाली कोडमधली नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत, वाचायला सोपं पडावं म्हणून. देवनागरी नावं जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथन ३ यांना खरोखरच चालतात. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच लागतात, ते तुमचे तुम्ही बदलून घ्या.)

आकडा वाढतच नाही

या दुखण्याने मीही एकदा चांगलाच पोळलोय. जावात लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम होता. दुसऱ्या एका सर्व्हरला माहिती पाठवायची, गेली नाही तर तीनदा प्रयत्न करायचा आणि मग नाद सोडून लॉगमध्ये नोंद करायची. मूळ ओळ होती प्रयत्न = प्रयत्न + १. कोड नीटनेटका करायच्या भरात मी ती अशी केली:

    प्रयत्न = प्रयत्न++;

पलीकडचा सर्व्हर शहाण्यासारखा चालत होता तोवर कुणालाच पत्ता लागला नाही, कारण पहिल्याच फटक्यात काम होत होतं. एका रात्री तो बंद पडला. आमचा प्रोग्रॅम सकाळपर्यंत त्याचं दार ठोठावत बसला आणि लॉगने डिस्क भरून टाकली. सकाळी डीबगर लावून एकेक ओळ पुढे सरकलो. ओळीच्या आधी प्रयत्न शून्य, ओळीनंतरही शून्य. मला आधी वाटलं डीबगरच जुनी किंमत दाखवतोय.

शेवटी बाइटकोड, म्हणजे जावाच्या कंपायलरने तयार केलेले यंत्रासाठीचे हुकूम, उलगडून बघितला. त्या एका ओळीचे तीन हुकूम निघाले (स्टॅक म्हणजे किमती तात्पुरत्या एकावर एक ठेवायची जागा):

    आयलोड : प्रयत्नची किंमत (०) स्टॅकवर ठेव
    आयइंक : प्रयत्न जागच्या जागी १ ने वाढव (आता १)
    आयस्टोर : स्टॅकवरची किंमत (०) उचलून प्रयत्नमध्ये लिही

म्हणजे आकडा वाढत होता! मधल्या हुकमानंतर प्रयत्नमध्ये १ होता. तिसऱ्या हुकमाने त्याच्यावर जुना शून्य आणून लिहिला. डीबगर ओळीओळीने सरकतो, हुकमाहुकमाने नाही, म्हणून तो क्षणभराचा १ मला कधी दिसला नाही. प्रिफिक्स लिहिलं असतं, म्हणजे प्रयत्न = ++प्रयत्न, तर पहिले दोन हुकूम अदलाबदल होऊन आले असते: आधी वाढव, मग स्टॅकवर ठेव. तेव्हा १ वर १ लिहिला गेला असता. उत्तर बरोबर आलं असतं, पण डावीकडचं "प्रयत्न =" तिथेही फुकटचंच.

दुरुस्ती एवढीच की डावी बाजू खोडायची:

    प्रयत्न++;

दुरुस्ती सांगितली की लोक खूश होऊन जातात आणि महिन्याभराने दुसऱ्या रूपात तोच घोटाळा घेऊन परत येतात. कारण मुळातली शिकवण तशीच राहते. आपल्या सगळ्यांना शिकवलेलं वाक्य असं: "प्रिफिक्स म्हणजे आधी वाढवा मग वापरा, पोस्टफिक्स म्हणजे आधी वापरा मग वाढवा." ऐकायला छान, पाठ व्हायला सोपं, आणि माझ्या मते निम्म्या घोटाळ्यांचं मूळ. या वाक्यावर विश्वास ठेवून वरची ओळ वाचा. आधी वापरा: प्रयत्नमध्ये शून्य लिही. मग वाढवा: एक झाला. म्हणजे ओळ बरोबर वाटते. मीही तशीच वाचली होती.

त्या वाक्याऐवजी दोन गोष्टी सुट्या करून बघा. एक, ++ व्हेरिएबलमध्ये बदल करतं. दोन, ++ लिहिलेल्या एक्स्प्रेशनला (किंमत देणाऱ्या कोडच्या तुकड्याला) स्वतःची एक किंमत असते, जी आजूबाजूच्या कोडला मिळते. प्रिफिक्स आणि पोस्टफिक्स यांच्यातला फरक फक्त या दुसऱ्या गोष्टीत आहे: प्रिफिक्स नवी किंमत हातात देतं, पोस्टफिक्स जुनी. बदल नेमका *केव्हा* होतो हे चिन्ह कुठल्या बाजूला आहे यावर ठरत नाही, ते भाषेचे नियम ठरवतात. जावा, सी-शार्प आणि जावास्क्रिप्टमध्ये तो तिथल्या तिथे होतो, पुढचा शब्द वाचण्याच्याही आधी.

पडताळून बघायचं असेल तर या तिघींपैकी कुठल्याही भाषेत हे चालवा:

    अ = ५;
    ब = अ++ + अ;

"नंतर वाढवा" खरं असतं तर ब १० आला असता. येतो ११. डावीकडच्या अ++ ने जुना ५ दिला आणि लगेच अ चा ६ करून टाकला, उजवीकडच्या अ ला तो ६ सापडला.

दोन मशीन, दोन उत्तरं

आता तोच खेळ सी मध्ये करा.

    अ = ५;
    ब = ++अ + ++अ;

डावीकडून उजवीकडे जाणारा हिशेब ६ + ७ = १३ असा होतो. पण एखादा कंपायलर आधी दोन्ही वाढी उरकून घेतो आणि मग अ मध्ये अ मिळवतो, ७ + ७ = १४. यातला बरोबर कोणता? दोन्ही. किंवा कोणताच नाही. सी च्या मानकानुसार एकाच एक्स्प्रेशनमध्ये, क्रम ठरलेला नसताना, एकच व्हेरिएबल दोनदा बदलला की ते "अनडिफाइन्ड बिहेवियर". म्हणजे कंपायलरवर कसलंच बंधन उरत नाही. १३ द्या, १४ द्या, ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर तिसरंच काही द्या. अ = अ++ ही ओळही सी मध्ये याच खात्यात मोडते.

इथे एक राग काढून घेतो. "खालील कोडचं उत्तर काय?" म्हणून परीक्षेत ++अ + अ++ + ++अ असले सांगाडे विचारले जातात, चार पर्याय देऊन. सी साठी या प्रश्नाला पाचवा पर्याय हवा, "हा कोड चुकीचा आहे", आणि बरोबर उत्तर तेच. मुलं त्या चारातला एक आकडा पाठ करतात आणि नोकरीत आल्यावर त्याच भरवशावर कोड लिहितात.

सी++ मध्ये गोष्ट आणखी मजेदार आहे. सी++१७ पासून = या चिन्हाची उजवी बाजू पूर्ण उरकल्यावरच डावीकडे हात लावायचा, असा नियम आला. त्यामुळे अ = अ++ आता तिथे कायदेशीर आहे, आणि उत्तर जावासारखंच, अ जिथल्या तिथे. पण ++अ + ++अ अजूनही बेकायदाच, कारण + च्या दोन बाजूंचा क्रम ठरवलेला नाही. आणि फंक्शनला (अ++, अ++) असे दोन आर्ग्युमेंट दिले तर सी++१७ म्हणतं: एकाचं पूर्ण होईल मग दुसऱ्याचं, पण आधी कुणाचं ते सांगणार नाही.

क्रमाचा फरक अगदी उघडा पडतो तो या ओळीत. अ = २ धरा:

    यादी[अ] = अ++;

जावा आणि जावास्क्रिप्ट डावीकडून वाचत जातात. आधी खण क्रमांक २ पक्का झाला, मग उजवीकडे गेलो, जुना २ मिळाला, अ झाला ३. यादीच्या २ नंबरच्या खणात २ गेला. सी++१७ आधी उजवी बाजू उरकतं: हातात २ आला, अ झाला ३, आता डावीकडे खण क्रमांक ३. म्हणून ३ नंबरच्या खणात २ गेला. सी मध्ये आणि जुन्या सी++ मध्ये या ओळीला अर्थच नाही. एक ओळ, नियम पाळणाऱ्या दोन भाषा, दोन वेगळे खण. जावातून सी++ मध्ये कोड उचलून आणताना हे घडलं तर बग शोधायला दिवस जातो, कारण ओळ वाचून दोन्हीकडे "बरोबर" वाटते.

निवारण इथे सोपं आहे, फक्त आळस सोडावा लागतो. वॉर्निंग चालू करा. जीसीसी या सी-सी++ कंपायलरला डब्ल्यू-ऑल पर्याय दिला की "सीक्वेन्स पॉइंट"ची वॉर्निंग येते. क्लँग हा दुसरा कंपायलर तर न सांगताच "अनसीक्वेन्स्ड" म्हणून बोलतो. जावाचा कंपायलर मात्र क = क++ वर ब्र काढत नाही. तिथे स्पॉटबग्जसारखं साधन लावावं लागतं. वाढवलेली किंमत लगेच पुसली जातेय हे पकडणारी खास तपासणी त्यात आहे. आणि ज्या ओळीत एकच व्हेरिएबल दोनदा दिसतोय आणि त्यातल्या एकाला ++ चिकटलंय, ती ओळ सरळ मोडून दोन करा. दोन ओळींमध्ये क्रमाचा वाद कुठल्याच भाषेत नाही.

पायथन: काहीच होत नाही, कुणी काही बोलत नाही

सी किंवा जावावरून पायथनवर आलेला माणूस अ++ लिहितो, सिंटॅक्स एरर खातो, "बरं, पोस्टफिक्स नाही वाटतं, प्रिफिक्स असेल" म्हणून ++अ लिहितो. एरर जाते. माणूस निश्चिंत होतो. आणि आकडा हलत नाही.

पायथनमध्ये ++ नावाचं ऑपरेटरच नाही. तिथे ++अ म्हणजे +(+अ): अ च्या आधी लागलेलं धन चिन्ह, दोनदा. पाचाच्या आधी कितीही अधिक लावा, पाचच. तसंच --अ म्हणजे उण्याचा उणा, पुन्हा अ. वाक्यरचना निर्दोष आहे, म्हणून पायथन गप्प बसतो. अ++ वर एरर येते ती उजवीकडे मिळवायला काही सापडत नाही म्हणून. आणि सापडलं तर? अ++ब लिहिलं तर ते अ + (+ब) होतं आणि सुरळीत चालतं. हे पाहिल्यावर लोक दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसतात.

उपाय अ += १. रस्टवाल्यांनी यातला निम्मा सापळा काढलाय: तिथे ++अ लिहिलं की कंपायलर थांबवतो आणि असं ऑपरेटर नाही म्हणून समजावतो. पण --अ तिथेही दोनदा उणे म्हणून पास होतं, तेव्हा त्या बाजूला डोळे उघडे ठेवा.

गो भाषेचा तोडगा मला सगळ्यात आवडतो. तिथे अ++ आहे, पण ते एक्स्प्रेशन नाही, स्वतंत्र वाक्य आहे. त्याला किंमतच नाही, त्यामुळे ब = अ++ लिहिताच येत नाही. प्रिफिक्स रूप तर ठेवलेलंच नाही. जुनी किंमत की नवी, हा प्रश्नच उपटून टाकला. स्विफ्टने आणखी पुढे जाऊन तिसऱ्या आवृत्तीत, २०१६ साली, ++ आणि -- दोन्ही भाषेतून काढूनच टाकली.

मग हे चिन्ह आलं कुठून, असं कुणीतरी विचारतंच. केन थॉम्प्सन यांनी सी च्या आधीच्या बी भाषेत ते आणलं. पीडीपी-११ या संगणकाच्या आपोआप वाढणाऱ्या पत्त्यांसाठी ते घडवलं, ही आख्यायिका अजून वर्गावर्गांत सांगितली जाते. सी चे जनक डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये सी चा इतिहास लिहिताना ती खोडून काढली: बी घडत होती तेव्हा पीडीपी-११ नव्हतंच. जुन्या पीडीपी-७ वर मात्र अशा मोजक्या मेमरी-जागा होत्या की त्यांच्यामार्फत दुसरी जागा वाचली की त्या स्वतः एकाने वाढत. कल्पना बहुधा तिथून सुचली असावी, असं रिचींचं म्हणणं. शिवाय ++अ चा तयार होणारा कोड अ = अ + १ पेक्षा लहान असायचा. आजचे कंपायलर दोन्हींचा एकच कोड काढतात, त्यामुळे ते कारण कधीच संपलंय.

जावास्क्रिप्टचे स्वतःचे नखरे

एका फॉर्ममधून आकडा आला. दिसतो ५, पण आहे स्ट्रिंग, "५". आता क = क + १ केलं तर मिळतं "५१", कारण स्ट्रिंगला + लावलं की चिकटवणं होतं. क++ केलं तर मिळतो ६, कारण ++ आधी संख्येत रूपांतर करतं. म्हणजे "प्लस-प्लस टाळा, त्याऐवजी += १ लिहा" हा एरवी चांगला सल्ला इथे वागणूकच बदलतो. ईएस-लिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा "नो-प्लसप्लस" नियम चालू करून कुणी सगळ्या फाइलींमध्ये शोधून-बदलून टाकलं आणि पान क्रमांक १, ११, १११ असे उड्या मारायला लागले, तर कारण हेच. आधी स्ट्रिंगची संख्या करा, मग हवं ते ऑपरेटर वापरा.

शब्द मोजताना मोज[शब्द]++ लिहिलं आणि सगळीकडे एनएएन ("ही संख्या नाही" अशी खूण) दिसतंय? पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा त्या खणात काहीच नव्हतं. "काहीच नाही"ची संख्या करायला गेलं की एनएएन, आणि एनएएनमध्ये कितीही मिळवा, एनएएनच. आधी शून्य ठेवा.

आणि ओळ तोडण्याचा नियम. व्हेरिएबल एका ओळीवर आणि ++ खालच्या ओळीवर गेलं तर ते पोस्टफिक्स राहत नाही. जावास्क्रिप्ट मधेच स्वतःहून अर्धविराम घालून मोकळी होते आणि ++ पुढच्या व्हेरिएबलचा प्रिफिक्स बनतो.

    क
    ++
    ख

यात ख वाढतो, क नाही. हाताने असं कुणी लिहीत नाही, पण कोड जोडून तयार करणाऱ्या स्क्रिप्टने लिहिलेलं बघितलंय.

पॉइंटर, मॅक्रो आणि बाकी किरकोळ

सी मध्ये *प++ लिहिलं आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा व्हेरिएबल) ज्याच्याकडे बोट दाखवतो ती किंमत वाढेल अशी अपेक्षा ठेवली, तर पदरी निराशा. पोस्टफिक्स ऑपरेटर प्रिफिक्सपेक्षा घट्ट चिकटतात. म्हणून हे *(प++) असं वाचलं जातं: पॉइंटर पुढच्या घरावर सरकतो, जुन्या घरातली किंमत वाचली जाते, आणि ती वापरली नाही तर वाया जाते. किंमत वाढवायची तर (*प)++ किंवा ++*प. या दुसऱ्याला कंस लागत नाही, कारण दोन्ही प्रिफिक्स आहेत आणि प्रिफिक्स आतून बाहेर लागतात: आधी प ला चिकटलेला तारा, मग त्याला ++. जीसीसीची "काढलेली किंमत वापरली नाही" अशी वॉर्निंग आली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

मॅक्रोला (कंपाइल होण्याआधी जसाच्या तसा मजकूर उलगडणाऱ्या संक्षेपाला) ++ देऊ नका. दोघांतला मोठा काढणारा नेहमीचा मॅक्रो उलगडला की असा होतो:

    ((अ++) > (ब++) ? (अ++) : (ब++))

मोठा असलेला दोनदा वाढतो, लहान एकदा. याउलट साइझ-ऑफच्या (मेमरीत किती जागा लागते ते सांगणाऱ्या ऑपरेटरच्या) कंसात लिहिलेलं अ++ एरवी चालतच नाही, तिथे फक्त प्रकार बघितला जातो. आणि "अँड"च्या (&&) उजवीकडे ठेवलेलं ब++ डावी बाजू खोटी निघाली की वगळलं जातं. "कधी वाढतं, कधी वाढत नाही" अशी तक्रार आली की मी आधी && शोधतो.

"कधी कधी" हा शब्द एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असलेल्या प्रोग्रॅमबद्दल ऐकला तर मात्र गोष्ट वेगळी. अ++ दिसायला एक, पण आत वाचणं, वाढवणं, लिहिणं अशी तीन कामं. दोन थ्रेडनी एकाच वेळी ५ वाचला तर दोघंही ६ लिहितात आणि एक वाढ हरवते. ++अ केल्यानेही फरक पडत नाही. अटॉमिक प्रकार वापरा, त्यांत ही तिन्ही कामं मिळून एकच अखंड काम होतं. जावात त्यांच्या मेथडची नावंच सरळ आहेत, "गेट-अँड-इन्क्रिमेंट" जुनी किंमत देते आणि "इन्क्रिमेंट-अँड-गेट" नवी.

सी++ मध्ये इटरेटरसाठी (यादीतून एकेक घटक पुढे सरकणाऱ्या ऑब्जेक्टसाठी) ++इ लिहा असा आग्रह असतो, त्याचं कारणही तीच जुनी किंमत. पोस्टफिक्सला ती परत द्यायची असते, म्हणून आधी एक प्रत काढून ठेवावी लागते. साध्या पूर्णांकाला काही फरक नाही, जड ऑब्जेक्टला असू शकतो. स्वतःच्या क्लासला पोस्टफिक्स द्यायचं तर फंक्शनला एक न वापरायचा पूर्णांक आर्ग्युमेंट लावावा लागतो. दोन रूपं ओळखायची ती एवढ्याच खुणेवरून. ओंगळ आहे, पण चालतं.

++ नाही, तरी प्रिफिक्सचाच घोळ

"उणे दोनाचा वर्ग" किती? पायथनमध्ये -२ ** २ लिहिलं तर -४ (** म्हणजे घातांक). एक्सेलच्या खणात =-२^२ लिहिलं तर ४. जावास्क्रिप्टमध्ये -२ ** २ ला सिंटॅक्स एरर. तीन ठिकाणी तीन निकाल, कारण आधी लागणारा उणे घातांकापेक्षा घट्ट की सैल, याबद्दल एकमत नाही. पायथनमध्ये घातांक घट्ट, उणे नंतर लागतो. एक्सेलमध्ये उणे घट्ट. आणि त्याच एक्सेलमध्ये =०-२^२ दिलं की -४ येतं, कारण आता तो उणे वजाबाकीचा झाला. जावास्क्रिप्टने सांगितलं, कंस घाला नाहीतर पुढे जाऊ देणार नाही. एक्सेलमधलं गणित पायथनमध्ये उतरवताना चिन्ह उलटं येत असेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

नकाराचंही तसंच. सी, जावास्क्रिप्टमध्ये !अ == ब म्हणजे आधी अ चा नकार, मग तुलना. पायथनमध्ये "नॉट अ == ब" म्हणजे आधी तुलना, मग तिचा नकार. समजा अ ५ आहे, ब ३. सी मध्ये !५ शून्य, शून्य आणि ३ सारखे नाहीत, म्हणून खोटं. पायथनमध्ये ५ आणि ३ सारखे नाहीत, त्याचा नकार, म्हणून खरं. भाषांतर करताना इथे कंस घाला, दोन्हीकडे.

स्टॅकवरची वजाबाकी उलटी येते

"पोस्टफिक्स" हाच शब्द शोधत काही जण वेगळंच दुखणं घेऊन येतात: एक्स्प्रेशन पोस्टफिक्समध्ये बदलून स्टॅकवर सोडवायचं, आणि बेरीज-गुणाकार बरोबर येतात पण वजाबाकी-भागाकार उलटे. इथे प्रिफिक्स-पोस्टफिक्स म्हणजे चिन्ह दोन्ही आकड्यांच्या आधी की नंतर. कंसाविना लिहायची ही पद्धत पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांची, १९२४ची. म्हणून आधी चिन्ह असलेल्या लेखनाला पोलिश आणि शेवटी असलेल्याला उलटं पोलिश म्हणतात. १९७२चा एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर उलट्या पोलिशवर चालायचा. आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. "आठातून तीन वजा कर" हे वाक्य नीट ऐका: आधी ८, मग ३, शेवटी क्रिया.

    ८ ३ -

आता चूक. वजा आलं की स्टॅकवरून दोन आकडे काढायचे. पहिला निघतो ३, कारण तो शेवटी ठेवला होता. दुसरा ८. पहिला निघालेला म्हणजे डावा, असं धरून कोड लिहिला की ३ - ८ होऊन -५ येतं. पहिला निघतो तो उजवा. बेरजेत आणि गुणाकारात बाजू बदलल्या तरी उत्तर तेच, म्हणून त्या चाचण्या पास होतात आणि चूक झाकली जाते. चाचणी लिहायची तर वजाबाकीनेच सुरू करा.

आणि आधी लागणारा उणे या पद्धतीत त्याच चिन्हाने लिहिता येत नाही. "-" आलं की दोन आकडे काढायचे की एक, हे स्टॅकला कळणार कसं? एचपीच्या कॅल्क्युलेटरवर म्हणूनच चिन्ह बदलायला वेगळी कळ होती. तुमच्या कोडमध्येही एकल उण्याला वेगळं चिन्ह द्या. कुठला उणे एकल, ते इनफिक्स, म्हणजे चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये असलेलं नेहमीचं लेखन, वाचताना ठरतं: सुरुवातीला, उघडत्या कंसानंतर किंवा दुसऱ्या ऑपरेटरनंतर आलेला उणे एकल, बाकी सगळे वजाबाकीचे.

त्या रात्रीच्या प्रकरणानंतर आम्ही स्पॉटबग्ज सगळ्या कोडवर चालवलं. क = क++ जातीच्या आणखी दोन ओळी निघाल्या. एक माझीच होती, ती त्याच दिवशी दुरुस्त केली. दुसरी ज्या फंक्शनमध्ये होती ते कुठूनच बोलावलं जात नव्हतं, म्हणून फंक्शनच काढून टाकलं.